कोरडा गोटा

नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा शिवानीला आधी वाटलं, आपला चष्माच धुरकटला असेल. तिनं तो काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. शेजारच्या सुमनच्या नळीत पातळ लाल सरबतासारखं पाणी होतं आणि त्यातून मागच्या पुठ्ठ्यावरच्या रेघा अगदी स्वच्छ दिसत होत्या. शिवानीच्या नळीत मात्र कुणीतरी ताकाचा थेंब टाकावा तसं झालं होतं. पुठ्ठा होता, रेघाही असणारच, पण डोळे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. सौंसरकडच्या गावांत सिकलसेलच्या रक्ततपासणीला जाण्याआधी विजया मॅडमचा नियमच होता, आधी स्वतःचं बोट टोचा, मग दुसऱ्याचं धरा. मुलं हसत, एकमेकांना चिडवत बोटं टोचून घेत होती. प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास होता, खिडकीबाहेर नागपूरची दुपार होती. मॅडम रांगेतून हळूहळू येत होत्या. त्या शिवानीपाशी थांबल्या, तिच्याकडे न बघता नळीकडे बघितलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘वाहक दिसतेस. पक्की तपासणी करून घेऊ. तुला स्वतःला काही त्रास व्हायचा नाही, घाबरू नकोस. घरात कुणाची हाडं दुखतात का?’’ शिवानीनं हसून, लहानपणी पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायची तशा ठसक्यात उत्तर दिलं, ‘‘हाडं नाही मॅडम, गोटा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गोटा आहे.’’ वाक्य तोंडातून बाहेर पडलं, त्या स्पिरिटच्या वासात क्षणभर तरंगलं, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. ती स्टुलावर बसली.

गोटा म्हणजे काय हे पांढुर्ण्याच्या कुणाला सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. कधीकाळी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली, नदीत दोघंही अडकली, असं सांगतात. शिवानीच्या घरात मात्र आणखी एक गोष्ट होती, फक्त त्यांच्या घरापुरती. पणजोबांचे वडील गुणवंता. त्यांच्या गुडघ्यावर सावरगावच्या एका घरातल्या माणसाचा गोटा बसला. गुणवंता पडले, पण तो गोटा त्यांनी हातातून सोडला नाही, घरी घेऊन आले. पुढे वैर नको म्हणून त्या सावरगावच्या घराशी सोयरीक झाली. इकडची एक मुलगी तिकडे द्यायची, प्रत्येक पिढीत. पहिल्या मुलीबरोबर गोटाही आंदणात गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत कुणा ना कुणा लेकराच्या अंगात गोटा येतो. थंडी पडली, पाऊस लागला, की गुडघे, कोपरं, बोटांची पेरं ठेचल्यासारखी दुखतात, मूल लोळतं, डोळे पिवळे होतात. म्हातारी माणसं मान हलवून म्हणतात, गुणवंताबाबाचा गोटा जागा झाला. त्या म्हणण्यात दुःख असे, पण त्याच्या तळाशी जरा ऐटही असे. दुसऱ्यांच्या घरी नुसतं दुखणं होतं, यांच्या घरी इतिहास होता. शाळेत शिवानीनं हे निबंधात लिहिलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं.

सौंसरकडे त्यांचं पथक गेलं तेव्हा संत्र्याच्या बागा हिरव्यागार होत्या आणि कापसाला नुकती फुलं धरू लागली होती. अंगणाअंगणात सतरंजी टाकून शिवानी बायकांना समजावत होती. तिचा आवाज चांगला, भाषा गावची, मॅडम तिलाच पुढे करायच्या. ‘‘पाहा माय, हे काही करणी नाही, शाप नाही. रक्तातला दाणा गोल पाहिजे, तो विळ्यासारखा वाकडा होते. वाकडे दाणे बारीक नळ्यांत अडकतात, मंग हाडं दुखतात. लेकराले थंडीत गरम ठेवा. अन् पाणी पाजा. सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. भरपूर पाणी पाजत राहा.’’ ‘पाणी’ हा शब्द उच्चारताना पहिल्या अंगणात तिची जीभ जराशी अडखळली. दुसऱ्या अंगणात अडखळली नाही. संध्याकाळपर्यंत तो शब्द इतका गुळगुळीत झाला की तो आपलाच आहे, आपल्या घराशी त्याचा काही संबंध नाही, असं वाटू लागलं. रात्री मुक्कामाच्या शाळेत सतरंजीवर पडल्यावर मात्र तो पुन्हा खरखरीत झाला. कारण सावरगावला दिलेल्या मालती आत्याच्या देवघरातला तो गोटा कधी धूत नाहीत. शेंदूर लावतात, कापडानं पुसतात, पण पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. नदीतला गोटा आहे, त्याला पाणी लागलं की तो वाढतो, अशी समजूत. आणि ज्या लेकराच्या अंगात गोटा आला, त्यालाही पाणी देत नाहीत. दुखणं उतरेपर्यंत नाही. ओठ फाटले तर तुपाचं बोट लावतात.

गौतमदादा. मालती आत्याचा थोरला. शिवानी पाचएक वर्षांची असेल, पोळ्याला सावरगावला गेलेली. दुपारी सगळी मोठी माणसं नदीकडे गोटमार बघायला. आत्या देवघरात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्याच्या पोटावर पाणी पाझरून आलेलं, गार, मातीच्या वासाचं. आणि गौतमदादा, गुडघ्यांवर सरकत येऊन, दोन्ही हातांनी माठाला मिठी मारून, त्याचं ओलं पोट चाटत होता. डोळे मिटून, वासरानं आईला चाटावं तसा. माठात बुडवलेला पेला त्यानं घेतला नव्हता. पाणी पिऊ नको म्हणून सांगितलं होतं, तर तो पाणी पीत नव्हता, माठ चाटत होता. तिच्याकडे बघून तो लाजल्यासारखा हसला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या हनुवटीला माती लागली होती. तिला तेव्हा तो खेळ वाटला. पुढच्या वेळी ती सावरगावला गेली तेव्हा गौतमदादा नव्हता, आणि माठ तिवईवर नव्हता. तो वर, भिंतीतल्या उंच फळीवर गेला होता. तेव्हापासून त्या घरात पाणी घ्यायचं म्हणजे स्टूल लागतं. येणारे-जाणारे चेष्टा करतात, ‘‘मालतीबाई, तुमच्या घरचं पाणी लयच वरच्या दर्जाचं हाय.’’ आत्या हसते. माठ खाली येत नाही. इतकी वर्षं शिवानीनं त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. सौंसरच्या त्या शाळेत, अंधारात, त्या आपोआप शेजारी येऊन बसल्या.

पोळ्याच्या दिवशी ती गाडीनं पांढुर्ण्याला उतरली. बैलांच्या शिंगांना रंग होता, गल्लीत झुली घातलेल्या जोड्या उभ्या होत्या, आई पुरणाच्या पोळ्या लाटत होती. संध्याकाळी बाबा ओसरीवर एकटे बसले होते. दत्तात्रय मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतली मुलं अजून त्यांच्याकडे गणित शिकायला येत, आणि त्यांच्याजवळ चिंचोक्यांचा डबा असे. फोडलेले चिंचोके, एका अंगानं काळे, एका अंगानं पांढरे. त्यांवरच ते मुलांना बेरीज, वजाबाकी, सम-विषम शिकवत. न कळलेल्या मुलाला ते कधी ‘कळलं का’ असं विचारत नसत, नुसते चिंचोके पुन्हा मांडत. शिवानीनं डबा ओढला. ‘‘बाबा, एक शिकवते. पाहा.’’ तिनं प्रत्येक माणसाला दोन चिंचोके दिले, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन्ही पांढरे, तर काही नाही. एक पांढरा एक काळा, तरी काही नाही, माणूस धडधाकट, पण काळा पुढे देऊ शकतो. दोन काळे एकत्र आले की दुखणं. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. हा माणूस आयुष्यभर शिकवत आला होता, त्याला शिकायला वेळ लागला नाही. त्यानं स्वतःच चिंचोके पुढे सरकवायला सुरुवात केली. गुणवंता. मग नदीपलीकडे दिलेली पहिली मुलगी. मग तिकडचे, मग इकडचे, पुन्हा इकडची मुलगी तिकडे. प्रत्येक पिढीत एक काळा चिंचोका नदी ओलांडत होता आणि पलीकडे आधीच जाऊन बसलेल्या काळ्याला भेटत होता. मालती आणि तिचे वारलेले यजमान यांच्यापाशी मास्तरांचा हात थांबला. तिथून त्यांनी दोन काळे उचलले आणि गौतमच्या जागी ठेवले.  आतून तव्यावर पोळी टाकल्याचा आवाज आला.

‘‘म्हणजे गोटा नव्हताच,’’ ते म्हणाले.

‘‘नव्हता, बाबा.’’

‘‘अन् ते वैर मिटवायसाठी पोरी देणं.’’ त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनीही एक मुलगी दिली होती. शिवानीची थोरली बहीण अमिता, मालती आत्याच्याच दुसऱ्या मुलाला, भूपेंद्रला. त्यांची मुलगी चंचल, सहा वर्षांची. मागच्या हिवाळ्यात तिची बोटं सुजली होती. सगळ्यांनी म्हटलं, थंडीची असतील. मास्तरांनी चंचलसाठी चिंचोके मांडले नाहीत. डबा बंद केला. ‘‘पोळा होऊ दे. मंग तिची तपासणी करून घेऊ. अमिताले समजावून सांगू, भूपेंद्रले बी सांगू, रक्ताचं सांगू. पण बेटा, पाण्याचं मालतीले सांगू नको.’’

‘‘मंग पोरीले पाणी कसं भेटन, बाबा?’’

‘‘काही तरी निमित्त काढू. डॉक्टरनं सांगितलं म्हणू. पण आधीचं चूक होतं, असं नको म्हणू. तिनं गौतमले चार दिवस कोरडं ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं. हे जर तिले कळलं तं ती जगणार नाही.’’ ज्यानं कधी कुणाला शिकवणं नाकारलं नव्हतं, तो माणूस हे म्हणत होता. शिवानीला त्यांचा राग आला नाही. तिला फक्त जाणवलं की त्यांच्या हातातला डबा किंचित खुळखुळतो आहे.

सकाळी फोन आला तो अमिताचा. ‘‘शिवानी, चंचलच्या अंगात गोटा आला वं. काल संध्याकाळपासून रडून राहिली. लय दुखते म्हणते. तू येते का? पूल बंद व्हायच्या आधी ये.’’ शिवानी चहा न घेता निघाली. मास्तर दाराशी उभे होते, त्यांच्या बघण्यात कालचं सगळं होतं. जाम नदीत पळस रोवून झाला होता. झेंडा ओल्या वाऱ्यात लपलप करत होता. काठावर गोट्यांचे ढीग, पोलीस, दवाखान्याची गाडी, ढोल. पोरं आत्तापासूनच हातात गोटे तोलून बघत होती. तिनं खाली मान घालून पूल ओलांडला. मागे कुणीतरी गमतीनं पहिला गोटा पाण्यात टाकला, डुबुक आवाज झाला. एक मुलगी नदी ओलांडते आहे. प्रत्येक पिढीत एक. माझ्याही रक्तात तो आहेच, मी वेगळी काय घेऊन चालले आहे.

आत्याच्या घरात शेकाचा वास होता, तापलेल्या कापडाचा आणि जुन्या शेंदराचा. आतल्या खोलीत चंचल खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठांवर पापुद्रे आले होते, त्यांवर तूप चकाकत होतं. डोळ्यांच्या कडा हळदीच्या पाण्यासारख्या. उशाशी तिचा लाकडी नंदी, चाकांचा, गळ्यात लाल दोरा, आज लेकरांचा तान्हा पोळा म्हणून सजवलेला. मालती आत्या तव्यावर तो गोटा उलटसुलट करत होती. गोटा मुठीएवढा, काळसर, शेंदरानं चिकट. तिनं तो फडक्यात गुंडाळला, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, मग नातीच्या गुडघ्यावर ठेवला. लेकराचं अंग सैलावलं. शिवानी दाराशी उभी राहून ते बघत होती. तिच्या मनात पुस्तकातलं वाक्य आलं, उबेनं वेदना कमी होते. म्हणजे अर्धं बरोबर होतं. इतकी वर्षं हे लोक एका हातानं बरोबर करत होते.

‘‘आली का,’’ आत्या म्हणाली. ‘‘बस. घामाघूम झाली. अमिता, हिले पाणी दे.’’

अमितानं स्टूल ओढलं, वर चढली, फळीवरच्या माठातून पेला भरून आणला. चंचलनं मान वळवली. ती पेल्याकडे बघत होती. पेला हातातून हातात जाताना तिचे डोळे त्याच्याबरोबर गेले. शिवानीनं पेला हातात धरला आणि तिला तो ओठांशी नेता येईना. मांडीवर ठेवला.

‘‘मावशी,’’ चंचल म्हणाली. आवाज कागदासारखा होता. ‘‘माह्या नंदीले पाणी पाज ना.’’

‘‘नंदी लाकडाचा आहे वं, बाई,’’ आत्या शेकता शेकता म्हणाली. ‘‘त्याले तहान नाही लागत.’’

‘‘त्याले लागली.’’

‘‘उद्या पाजू. गोटा उतरला की.’’

‘‘त्याले आताच लागली,’’ चंचल म्हणाली, हट्टानं नव्हे, नुसती माहिती द्यावी तशी. मग तिनं लाकडी नंदी ओढून शिवानीच्या मांडीशी, पेल्याजवळ आणून ठेवला आणि त्याचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवलं.

शिवानीला माठाचं ओलं पोट दिसलं. हनुवटीची माती दिसली. बाहेर नदीच्या दिशेनं ढोलांचा आवाज एकदम वाढला, आणि मग गोटे सुरू झाले, आधी सुटे सुटे, मग कुणाच्या तरी पत्र्यावर खणाखणा. पूल बंद झाला असणार. दवाखाना पलीकडे. तिला वाटलं, आपण काही न बोलता पेला या ओठांना लावावा आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं. पण आज पाजलं तरी उद्या कोण पाजणार? पुढच्या पावसात, त्याच्या पुढच्या थंडीत? निमित्त काढू, बाबा म्हणाले होते. निमित्त एकदाचं असतं. सौंसरच्या अंगणात किती सहज बोलत होते मी. तिथं त्या बायकांची लेकरं कशानं गेली हे मला माहीत नव्हतं.

‘‘आत्या,’’ ती म्हणाली. ‘‘तिले पाणी द्यावं लागन.’’

‘‘गोट्याले पाणी चालत नाही, एवढी शिकली अन् एवढं विसरली?’’

दारात भूपेंद्र येऊन उभा होता, डोक्याला गमछा बांधलेला, नदीवर जायच्या तयारीत. ‘‘नागपूरचं पाणी पिऊन विसरली असन,’’ तो म्हणाला.

‘‘हे सिकल आहे, भाऊजी. असं मले वाटते. तपासणी करावी लागन, पण वाटते.’’

‘‘ते रक्त तपासून कार्ड देतात ते? मागं कॅम्पवाले आले होते, मी म्हटलं, पुढच्या घरी जा. अवं, ते जंगलातल्या लोकायले होते. आपल्यात कायचं?’’

‘‘माह्या रक्तात आहे. माही तपासणी झाली. दोनदा.’’

भूपेंद्रचा चेहरा तसाच राहिला, हसण्याची सुरुवात झालेली आणि पुढे सरकायला जागा नसलेली. अमिता स्टुलाच्या कडेला बसली. ‘‘तुह्या रक्तात,’’ ती हळू म्हणाली, ‘‘म्हणजे माह्या बी?’’

‘‘असू शकते, ताई. अन् भाऊजीच्या बी. दोघांकडून एकेक आला तरच होते. एकट्याच्यानं होत नाही. तुहं काही चुकलं नाही.’’

‘‘चुकलं नाही कशी म्हणते?’’ अमिता म्हणाली. ‘‘नऊ महिने पोटात ठेवून म्या हेच दिलं का तिले?’’

‘‘हे पाह्य, शिवानी,’’ भूपेंद्र म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली थट्टा आता धारदार झाली होती, ‘‘कॉलेजात शिकून घरच्या रक्तात खोट काढू नको. इतक्या पिढ्या झाल्या. लोकं काय वेडे होते? आजीनं केलं, पणजीनं केलं, माह्या मायनं गौतमदादासाठी केलं.’’ ते नाव त्यानं घेतलं आणि थांबला. त्या घरात ते नाव क्वचित घेतलं जाई. पत्र्यावर गोटा पडला, घरंगळत गेला, आणि चंचल दचकली. दचकताना तिचा सांधा दुखला असावा, कारण तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, रडायलाही ओलावा लागतो. भूपेंद्रनं मुलीकडे बघितलं. त्याच्या कपाळावरचा गमछा त्यानं ओढून काढला आणि हातात पिळला. ‘‘दवाखाना कुठं नेऊ आता,’’ तो कुणालाच नव्हे, भिंतीला म्हणाला. ‘‘पूल बंद झाला.’’

‘‘वरच्या अंगानं फेरा घालून जाता येते का?’’

‘‘दूर पडन.’’

‘‘पडू द्या. सलाईनची बाटली लावावी लागन, अन् दुखण्याचं औषध लागन. आपल्या हातात तेवढं नाही. गाडीची व्यवस्था करा, भाऊजी. मोटरसायकलीवर ओली हवा लागन तिले.’’

तो गेला. जाताना उंबऱ्यात थांबला, वळून आईकडे बघितलं, आई बघत नव्हती. मालती आत्या फडक्यातला गोटा एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर नेत होती. या सगळ्या वेळात तिचा हात थांबला नव्हता. आता अंगणात फक्त भूपेंद्रची घाईची पावलं, मग तीही नाहीत. शिवानीला वाटलं, आत्यानं काही ऐकलंच नसेल. असं व्हावं, असंही तिला वाटलं.

‘‘शेक देऊ का नको?’’ आत्यानं विचारलं. मान खालीच.

‘‘दे, आत्या. शेक बरोबर आहे. शेकानं आराम पडते. पुस्तकात बी तेच आहे.’’

‘‘गौतमले बी शेकत होती मी.’’

‘‘हौ.’’

‘‘झोपली नव्हती.’’

‘‘माहीत आहे, आत्या.’’

आत्यानं फडक्याची घडी सोडली, पुन्हा घातली. शेंदराचा एक डाग चंचलच्या गुडघ्यावर उमटला होता, तो तिनं अंगठ्यानं पुसला. बाहेरचा कल्लोळ उठत होता, खाली बसत होता. मध्येच एकदम सारं गप्प झालं. कुणाला तरी लागलं असणार. अशा वेळी दोन्ही काठ क्षणभर थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. त्या शांततेत आत्या म्हणाली,

‘‘अन् पाणी?’’

शिवानीच्या मांडीवरचा पेला गार होता, त्याचा गारवा कपड्यातून आत जात होता. तिच्या कानांत बाबांचा डबा खुळखुळला. तिला ठाऊक होतं की आत्या चंचलचं विचारत नाही. आणि तिला हेही ठाऊक होतं की चंचलचंच विचारते आहे असं धरून उत्तर देता येईल, ती वाट उघडी आहे, आत्यानं ती मुद्दाम उघडी ठेवली असेल. ‘‘पाणी पाजायचं, आत्या,’’ ती म्हणाली. ‘‘भरपूर पाजायचं.’’

‘‘पहिल्यापासूनच?’’

‘‘तेव्हा आपल्यात कोणालेच माहीत नव्हतं.’’

‘‘मी ते नाही विचारलं.’’

आत्यानं आता मान वर केली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि अतिशय स्वच्छ होते. वर्गात एखादी हुशार मुलगी उत्तर माहीत असूनही मास्तरांच्या तोंडून ऐकायला थांबते, तशी ती थांबली होती. शिवानीच्या मनात आलं, हिला माहीत होतं. सगळं नाही, पण गौतमनं चाटलेलं माठाचं पोट एका जागी पुसल्यासारखं कोरडं दिसलं असेल तेव्हापासून, ही बाई एक प्रश्न घेऊन बसली आहे, आणि तो विचारायला तिला आजवर कुणी मिळालं नाही. सगळ्यांनी तिला सांभाळलं. आपणही तेच करायला आलो होतो.

‘‘हौ,’’ शिवानी म्हणाली. ‘‘पहिल्यापासूनच.’’

आत्यानं दोनदा मान हलवली. गोटा तिनं शिवानीच्या हातात दिला, ‘‘हा धर, थंडा होऊ देऊ नको,’’ आणि उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. शिवानीनं फडक्याचा शेक लेकराच्या पायावर धरला आणि दुसऱ्या हातानं पेला तिच्या ओठांशी नेला. चंचलनं आधी आजीकडे बघितलं. आजीची पाठ होती. मग ती प्यायली, घाईघाईनं, तूप आणि पाणी हनुवटीवरून गळत. ठसका लागला, तरी पेला सोडला नाही.

स्वयंपाकघरातून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ‘‘आत्या, मी काढते,’’ अमिता धावत गेली, ‘‘तुम्ही नोका चढू.’’  थोड्या वेळानं दारात आत्या दिसली. तिच्या हातात पेला नव्हता. तिनं अख्खा माठ छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी मिठी मारून. पाझरलेल्या पाण्यानं तिच्या लुगड्याची छाती भिजत होती. अमिता मागून हात पुढे करत होती, पण ती देत नव्हती. खाटेपाशी आली, वाकली, आणि माठ तिनं जमिनीवर ठेवला, खाटेच्या अगदी कडेला, झोपलेल्या लेकराचा हात पोचेल इतका जवळ. थोडा हलवून नीट बसवला. मग तिथंच खाली बसली.

‘‘इथंच राहू दे,’’ ती म्हणाली.

चंचलनं हात खाली सोडला. सुजलेली बोटं माठाच्या ओल्या पोटावर टेकली आणि तशीच राहिली. आत्या त्या बोटांकडे बघत होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, भूपेंद्र आला होता. अमिता घोंगडी शोधायला लागली. शिवानीनं रिकामा पेला पुढे केला, आणि मालती आत्यानं तो घेतला, माठात बुडवला, काठोकाठ भरला.